उभं राहिल्यावर येतं

"मग बसा," आखूड म्हणाला, आणि खोलीतले दोन शिकाऊ डॉक्टर हसले.

हसले म्हणजे कसे, तर आधी श्वास अडवून, मग नाकातून, आणि शेवटी एकमेकांकडे बघून. हे हसू मी कुठेही ओळखीन, कारण ते माझ्या कारखान्यातलं आहे. सतरा वर्षं, दरसाल नव्या तुकडीपुढे मी ते नेमक्या याच दोन शब्दांवर पिकवलं. एक बाई होती. ती म्हणायची, डॉक्टर, उभं राहिल्यावर येतं, आडवं झालं की जातं. मी म्हटलं, मग बसा. इथे वर्ग कोसळायचा. आता मी तपासणीच्या टेबलाच्या कडेला पाय लोंबकळत बसलेलो, शर्ट छातीपर्यंत वर धरलेला, पोट थंडगार पडलेलं, आणि माझाच विनोद माझ्याच पट्टशिष्याच्या तोंडून माझ्या पोटावर येऊन पडलेला. वाईट याचं की मीही हसलो. सवयच ती. विनोदाला दाद द्यायची नाही तर कशाला द्यायची? शर्ट खाली केला, बटण चुकीच्या काजात घातलं, "चल येतो," म्हटलं आणि बाहेर पडलो. जिन्यापर्यंत पोचेपर्यंत ते परत आलं. डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली, चार बोटं बाहेर. आतून कुणी अंगठा दाबून धरावा तसं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि मला इतका संताप आला की कुणाचा आलाय हेच ठरवता येईना.

आखूड हे त्याचं नाव नव्हे. तो आता शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख आहे, दारावर पितळी पाटी आहे. पण माझ्या हाताखाली असताना गाठ मारल्यावर दोरा इतका तोकडा कापायचा की गाठ सुटायला टपलेली असायची, म्हणून मी त्याला आखूड म्हणायला लागलो आणि नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते उचललं. त्यानंही सूड म्हणून कधी दोरा लांब ठेवला नाही. गुणी मुलगा. सीटी स्कॅनचे फोटो त्यानं प्रकाशाच्या चौकटीवर लावून मला एकेक दाखवले, जणू मी परीक्षेला बसलोय. "सर, स्वच्छ आहे. या वयात इतकं स्वच्छ पोट मी पाहिलं नाही." स्वच्छ असणारच. स्कॅन काढताना मला झोपवलं होतं. आडवं झालं की ते जातं, हेच तर मी गेले पाच आठवडे बोंबलून सांगतोय. त्याआधी घराजवळच्या डॉक्टरनं झोपवलं आणि म्हणाला, गॅस. मग सोनोग्राफी. तिथल्या बाईंना मी म्हटलं, उभ्यानं बघा. त्या म्हणाल्या, "काका, इथे सगळे झोपतात." मी म्हटलं, मी सगळे नाही. त्या म्हणाल्या, "वायर पोचत नाही." मी म्हटलं, मशीन पुढे ओढा. त्या म्हणाल्या, "मशीनची चाकं लॉक आहेत, आणि काका, बाहेर बावीस जण बसलेत." म्हणजे बावीस जण बसलेले, मी झोपलेला, आणि साऱ्या इमारतीत उभं काय ते माझं दुखणं, तेही मी झोपलो म्हणून निघून गेलेलं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं उभ्यानं येतं आणि आडव्यानं, डॉक्टर दारातून आत शिरायच्या आत, मागच्या दारानं पसार होतं.

आणि मला काय झालंय हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या पोटात हात घालून बसलेला माणूस मी. पोटाच्या भिंतीला बाजूला तीन थर असतात. कधी कधी, फार क्वचित, आतल्या दोन थरांना स्नायूच्या कडेशी फट पडते आणि बाहेरचा थर शाबूत राहतो. आतड्याचा तुकडा त्या फटीतून बाहेर येतो आणि बाहेरच्या थराखाली आडवा पसरतो, गादी आणि चादर यांच्यामध्ये मांजर शिरावं तसा. वरून काही दिसत नाही. माणूस निजला की मांजर निघून जातं. पुस्तकात याला अर्धं पान आहे आणि ते अर्धं पान सगळे गाळतात, कारण परीक्षेत येत नाही. मी हे आखूडला सांगितलं. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर लग्नकार्यात म्हातारे मामा जुनी शिकार सांगायला लागले की भाचे करतात ती. त्याचा तरी काय दोष. अकरा किलोची चरबीची गाठ माझी. जठरातून काढलेला केसांचा गोळा माझा, आणि सांगताना मी त्याला वेणी घातलेली असायची. दोन अपेंडिक्स असलेला पोस्टमन माझा. जगातलं जे जे दुर्मीळ ते सगळं म्हणे माझ्याच टेबलावर चालत यायचं. आता ते माझ्या पोटात आलंय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात दाखवत चाळीस वर्षं हिंडलो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाला?" ती गणित शिकवायची. निवृत्त झाली तरी उत्तर एका ओळीत लागतं. मी म्हटलं, "म्हणाला, मग बसा." ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ती विनोदाला हसत नाही. माझ्या तर मुळीच नाही, कारण प्रत्येक गोष्ट तिनं किमान पन्नास वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळचा आकडा तिच्याकडे तोंडपाठ आहे. पाहुण्यांसमोर मी गाठ अकरा किलोची म्हटली की स्वयंपाकघरातून शांत आवाज येतो, "मागच्या वेळी नऊ होती." एकदा मी चिडून म्हटलं, गाठ वाढते. ती म्हणाली, "कापून काढल्यावर वाढत नाही, अहो." असा संसार. मी सोफ्यावर आडवा झालो. ते गेलं. इतकं अलगद, इतक्या सभ्यपणे, की मलाच वाटावं, उगाच कांगावा करतोय. चोविसातले अठरा तास हल्ली मी आडवाच असतो. पेपर आडवा, जेवण अर्धं आडवं, आणि जमीन सोडत नाही म्हणून बायकोनं माझं नाव भुईमूग ठेवलंय.

आडवा पडलो की ती आठवते. ती म्हणजे गोष्टीतली नव्हे, खरी. रुग्णालयाच्या तळघरात धुलाईचा विभाग होता, तिथे ती इस्त्रीला होती. दिवसभर उभी. शस्त्रक्रियेचे हिरवे गाऊन, हिरव्या चादरी, वाफ, आणि लांब टेबलाशी ती, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, नखाएवढा, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा. सव्वीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा वर आली तेव्हा कामाचे कपडे बदलून, केस नीट करून आली होती, जणू ती माझ्याकडे पाहुणी म्हणून आली होती. "साहेब, उभं राहिल्यावर येतं." मी म्हटलं, झोपा. ती झोपली. मी दाबलं, चाचपलं, ठोकलं. काही नाही. ती म्हणाली, "आता गेलं ना. उभी राहते, मग बघा." बाहेर रांग होती. मी म्हटलं, "मी झोपवूनच तपासतो." हे मी अशा स्वरात म्हटलं की जणू ही माझी पद्धत नसून निसर्गाचा नियम आहे. दुसऱ्यांदा आली तेव्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं कपड्यांवर खुणा करायच्या न पुसणाऱ्या पेनानं स्वतःच्या पोटावर एक गोल काढून आणला होता. "इथे, साहेब. तुम्ही झोपवलंत तरी जागा जाऊ नये म्हणून." गोल चांगला सुबक होता. इस्त्रीवाल्या माणसाचा हात तो. मी त्या गोलाकडे पाहिलं आणि मला हसू आलं. शेजारी दोन शिकाऊ उभे होते, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून ते दोन शब्द निघाले. ते हसले. पहिल्यांदा ते हसू तिथे जन्मलं. तिनं कपडे सारखे केले, टेबलावरून उतरली, आणि खाली गेली. कागदावर मी एक शब्द लिहिला, मानसिक. अक्षर छान आलं होतं.

चौदा महिन्यांनी तिला भर दुपारी स्ट्रेचरवरून वर आणली. पोट फुगलेलं, ओकाऱ्या, नाडी पळणारी. मी पोट उघडलं. वीतभर आतडं काळं पडलेलं होतं आणि जिथे ते अडकलं होतं तिथे फट होती, दोन बोटं जातील एवढी, आणि ती फट बरोबर त्या गोलाच्या मधोमध होती. चौदा महिने तो गोल काही टिकला नव्हता, पण मला तो दिसत होता. काळं आतडं कापलं, जोडलं, फट शिवली. ती जगली. चौथ्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "सापडलं का?" मागे सहा शिकाऊ डॉक्टर, दोन नर्सेस, वहीत लिहायला तयार. मी म्हटलं, "मी शोधून काढलं." तिनं मान हलवली. आभार मानल्यासारखी नव्हे. हिशेब जुळला नाही तरी दुकानदाराशी वाद नको म्हणून आपण हलवतो तशी. टाके काढायला मी दुसऱ्याला पाठवला.

आणि मग माझ्यातल्या थापाड्यानं जे केलं ते कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा सफाईदार होतं. त्या एका बाईच्या मी दोन बायका केल्या. एक विनोदाची, जी उभं राहिल्यावर येतं म्हणायची आणि मग बसा यावर संपायची. दुसरी पराक्रमाची, जिच्या पोटात मी ती दुर्मीळ फट ओळखली, जी मोठमोठ्यांना ओळखता येत नाही. पहिली सोमवारच्या वर्गाला, दुसरी परिषदेला. दुसरीत फट पुढे चार बोटांची झाली. दोघींची गाठ कधी पडू दिली नाही. आणि खरी ती पुढे सहा वर्षं खाली इस्त्री करत होती. माझे गाऊन तीच करायची. सहा वर्षांत एकाही गाऊनवर एक सुरकुती आली नाही. रोज सकाळी घडी उलगडायची, हात बाह्यांत घालायचे, आणि ती कडक, गुळगुळीत इस्त्री अंगाला लागायची. हा अपमान मी कुणाला सांगणार होतो? नीट काम केल्याची तक्रार कुठे नोंदवतात?

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी मी टपालाच्या रांगेत उभा होतो आणि ते आलं ते गेलंच नाही. वाकलो, नाही गेलं. भिंतीला टेकलो, नाही. शेवटी लोकांच्या देखत बाकावर आडवा झालो. एक बाई बाकावरून उठली आणि नाक दाबून म्हणाली, "सकाळी सकाळी." मी डोळे मिटून मोजत राहिलो. आतडं अडकलं की त्याला सहा तास असतात, फार तर आठ. मग ते काळं पडतं. हे मी कितीजणांना शिकवलं. चौतीस मिनिटांनी ते कुरकुरत आत गेलं, आणि त्या बाकावर, वर पंखा घरघरत असताना, मला स्पष्ट दिसलं की पुढच्या वेळी ते जाणार नाही, आणि मी स्ट्रेचरवरून आखूडकडे जाईन, आणि आखूड माझं पोट उघडून म्हणेल, अरे, सर म्हणत होते खरे.

"त्याला सांगा," बायको म्हणाली. मी आडवा होतो, ती वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवत होती.

"सांगितलं की. दहा वेळा सांगितलं."

"दुखणं सांगितलंत. ती बाई नाही सांगितलीत."

"कुठली बाई?"

"दोघीही." तिनं एक चौकोन भरला. "विनोदातल्या बाईच्या डाव्या मनगटावर डाग आहे, अर्ध्या चंद्रासारखा. तुम्ही तो हातानं दाखवता, लोकांना आवडतो. परिषदेतल्या बाईच्याही आहे. बाई दोन आणि डाग एक, हे गणित मला पहिल्या वर्षीच सुटलं होतं."

मी ताडकन उठून उभा राहिलो. ते आलं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"किलोंचं बोलत होते ना," ती म्हणाली. "म्हटलं, तिथून सुरुवात कराल."

चिडायचं तर कुणावर? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या घरात तर चोवीस तास दिवा लावून ती समोर बसली होती. मला राग आला तो त्या डागाचा. आकडे बदलले, वय बदललं, एकीला जाड केलं, एकीला बारीक, आणि तो टिचभर डाग काढायचं राहून गेलं. कारागिरीत आळस केला की असं होतं. रात्रभर कूस बदलत राहिलो. गोष्ट सांगितली तर दोघीही मरतात. विनोदातली बाई मेली की विनोद निर्घृण होतो, आणि पराक्रमातली मेली की मीच. सतरा तुकड्या आहेत बाहेर. कितीतरी गावांत, कितीतरी टेबलांशी, कुणीतरी आत्ता म्हणत असेल, मग बसा. न सांगितली तर आतडं. एका पारड्यात वीतभर आतडं आणि दुसऱ्यात मी. आणि लाज वाटते सांगायला, पण पारडं बराच वेळ हलत होतं.

सकाळी आखूडच्या खोलीत तेच दोघे शिकाऊ होते. त्यानं मला बघून टेबलाकडे हात केला, "या सर, झोपा."

"नाही झोपत," मी म्हटलं. "गोष्ट सांगायची आहे."

"सर, आज जरा..." त्यानं घड्याळ पाहिलं. "यांना बाहेर पाठवू?"

"राहू देत. परवा हसले होते ना, त्यांचं शिल्लक आहे." मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ते आलं, मी येऊ दिलं. "आखूड, ती उभी बाई. मग बसा वाली."

"हो सर." तो हसायच्या बेतात.

"आणि ती फटीची बाई. जिच्यावर मी परिषदेत बोललो."

"हो."

"एकच होती."

त्याच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण त्यानं लावलं, काढलं, लावलं.

"म्हणजे ती आधी आली होती तुमच्याकडे?"

"तीनदा."

"आणि तीनही वेळा..."

"झोपवली. तिसऱ्यांदा ती पोटावर गोल काढून आली होती. मी हसलो. चौदा महिन्यांनी वीतभर आतडं कापलं. तिनं विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, मी शोधून काढलं." माझा आवाज नेहमीच्या जागी वर जायला बघत होता, मी त्याला दाबून खाली ठेवला. "फट चार बोटांची नव्हती. दोन. आणि ती जाड नव्हती, बारीकही नव्हती. नेहमीसारखी होती. आता मला झोपवू नकोस."

मला वाटलं तो मला काहीतरी सुनावेल. सुनवायला हवं होतं, मी तयार होतो, मनात उत्तरंही जुळवली होती. पण त्यानं कोपऱ्यातलं बुटकं स्टूल पायानं ओढलं, माझ्यासमोर टेकला, विभागप्रमुख माणूस, त्याचं डोकं माझ्या पोटाशी, आणि म्हणाला, "शर्ट वर करा. कुठे?"

मी बोट ठेवलं. त्यानं माझं बोट बाजूला करून त्याचं ठेवलं.

"खोका."

मी खोकलो. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त भांग दिसत होता, विरळ झालेला. "परत खोका," तो म्हणाला, हळू, देवळात बोलावं तसा. मग त्या दोघांना त्यानं पुढे बोलावलं. दोघांनी आळीपाळीनं बोट ठेवलं आणि मी खोकत राहिलो, दाबलं की वाजणाऱ्या खेळण्यासारखा. कोणी हसलं नाही. खरं सांगतो, मला जरा चुकल्यासारखं वाटलं. मग त्यानं खिशातलं पेन काढलं, ते न पुसणारं, आणि मी उभा असतानाच माझ्या पोटावर गोल काढला. काही खास सुबक नव्हता. तिच्या गोलाशी तुलना केली तर अगदीच वाकडा. पण मी गप्प बसलो. दुपारी बायको म्हणाली, "आंघोळ करून घ्या, उद्या ऑपरेशन." मी म्हटलं, गोल पुसला जाईल. ती म्हणाली, "न पुसणाऱ्या पेनाचा आहे." मी म्हटलं, तरी नको. मी अंग पुसून घेतलं, गोलाभोवती हात फिरवत, भिंतीवरच्या कॅलेंडरभोवती रंगारी ब्रश फिरवतो तसा.

दुसऱ्या दिवशी हिरवा गाऊन आला. चुरगळलेला, गाठी तुटलेल्या, आता म्हणे बाहेरच्या कंपनीला काम दिलंय. त्यात हात घातले, दिव्यांखाली गेलो, आणि आखूड म्हणाला, "आता मात्र झोपावं लागेल, सर." मी झोपलो. ते गेलं. अलगद, सभ्यपणे, नेहमीसारखं. मान उचलून पाहिलं तर सपाट, निर्दोष पोट, आणि त्यावर तो वाकडा गोल. त्या दोघा शिकाऊंतल्या मुलीनं विचारलं, "सर, नक्की इथेच कापायचं?" आखूड म्हणाला, "गोल बघ, पोट बघू नकोस." मग माझ्या नाकावर मास्क आला आणि कुणीतरी आकडे मोजायला सांगितले, आणि मी ते मोजले, न वाढवता.

जागा झालो तेव्हा घसा कोरडा आणि डावीकडे गरम, ताठ काहीतरी. आखूड खाटेशी होता, मागे ते दोघे, बाजूला बायको. काही हुशारीचं बोलावं असं मनात होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"सापडलं का?"

त्यानं मागे उभ्या दोघांकडे पाहिलं नाही. "तुम्ही बोट ठेवलं होतं तिथेच, सर," तो म्हणाला. पट्टी उचलून बघितली, दोरा नेहमीसारखा आखूडच कापलेला, आणि पट्टी परत ठेवली.

तो गेल्यावर बायकोनं खुर्ची पुढे ओढली. "केवढी होती फट?"

"दोन बोटं."

ती मान तिरकी करून बघत राहिली, आकडा वाढायची वाट पाहत. मी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळानं खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.